अस्वलाने बादली का नेली?

माणूस चाळिशी ओलांडतो तेव्हा त्याला आधी चष्मा लागतो आणि पाठोपाठ बालपण आठवायला लागतं. चष्म्याचं काही नाही, तो आपल्याच नाकावर राहतो. बालपण मात्र लोक दुसऱ्यांच्या फोनवर पाठवतात. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा एक ग्रुप आहे. तिथे रोज सकाळी कोणी दगडी पाटीचा फोटो टाकतं, कोणी लिमलेटच्या गोळ्यांचा, आणि खाली बाकीचे रडणारे पिवळे चेहरे ओततात. जिला मधल्या सुट्टीत कोणी खेळायला घेत नसे, तीसुद्धा लिहिते की ते दिवस परत येणार नाहीत. तिच्या जागी मी असते तर देवापुढे नारळ फोडला असता.

अशाच एका सकाळी गिरीशने, म्हणजे माझ्याच वर्गातल्या एका मुलाने, तिथे एका जुन्या चित्रपुस्तकाचं मुखपृष्ठ टाकलं. 'अस्वल आणि बादली'. जाड पुठ्ठा, झिजलेले कोपरे, तपकिरी अस्वल, पिवळी बादली. रद्दीत सापडलं म्हणाला. दुपारपर्यंत ग्रुपवर महापूर. जी माणसं एरवी गुडघे आणि सोसायटीचं पार्किंग यापलीकडे बोलत नाहीत, ती एका अस्वलासाठी हमसून हमसून रडू लागली. मला त्या रडण्याची खरोखर चीड आली, कारण इतकं लिहिणाऱ्यांपैकी एकालाही त्या पुस्तकात काय लिहिलंय ते ठाऊक नव्हतं. ठाऊक असणं शक्यच नव्हतं. आहेर बाईंनी आम्हाला ते कधी वाचू दिलं नव्हतं.

आहेर बाई आता नाहीत. सिडकोतल्या आमच्या मराठी शाळेत त्या शिशुवर्ग सांभाळायच्या. मूळच्या सटाण्याकडच्या. उंच, काटक, सुती साडीला खांद्यावर एक आणि कमरेला एक पिन, आणि नजर अशी की समोरच्याला आपलं बटण उघडं राहिलंय की काय अशी शंका यावी. त्या प्रेमळ होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांच्या सत्कारात सगळ्यांनी ते म्हटलं, पण सत्कारात लोक काहीही म्हणतात. त्यांनी आम्हाला कधी 'छान' म्हटलं नाही. 'बरं' म्हणायच्या. ज्याला दोनदा 'बरं' मिळालं तो घरी जाऊन आईला सांगायचा.

वर्गात एक पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात थोडी चित्रपुस्तकं. आम्ही सतरंजीवर, बाई स्टुलावर. पुस्तक आमच्याकडे तोंड करून धरायच्या आणि उजवा तळहात चित्राखालच्या ओळींवर सपाट ठेवायच्या. पान उलटलं की हात उचलायचा, पान बसलं की पुन्हा झाकायचा, आणि या सगळ्यात एक अक्षर दिसायचं नाही. कोणी विचारलंच की बाई, हाताखाली काय आहे, तर सांगायच्या, "मुंग्या आहेत. चावतील." मी कितीतरी दिवस धरून चालले होते की पुस्तकातल्या चित्रांखाली मुंग्या राहतात.

मग विचारायच्या, "काय चाललंय इथे?" आणि आम्ही सुटायचो.

'अस्वल आणि बादली'त फार काही नव्हतं. पहिल्या पानावर अस्वल एका घराच्या दारात उभं. मग ते झोपाळ्यावर बसलेलं आणि आजी त्याला चहा देतेय. पुढे जमिनीवर कंदील फुटून पडलेला आणि घरातले सगळे तोंड उघडं टाकून उभे. शेवटच्या पानावर अस्वल पाठमोरं, डोंगर उतरून चाललंय, हातात ती पिवळी बादली, आणि खिडकीत एक मुलगी. संपलं. अस्वलाने बादली का नेली यावर आमचं सगळं वर्ष गेलं. भांडणं झाली, एकदा चावाचावीही झाली. बाई निवाडा करत नसत. "बरं. पुढे?" एवढंच, आणि कोणी आधीच्या पानांवर नसलेलं काही सांगायला लागलं तर पान मागे उलटून म्हणायच्या, "दाखव कुठाय."

हे त्यांनी का केलं ते मला मोठेपणी कळलं, लग्नानंतर मी त्यांच्याच गल्लीत राहायला आले तेव्हा. मला वाटलं होतं काहीतरी शिक्षणशास्त्र असेल. तसं काही नव्हतं. बाईंना तो मजकूर आवडत नव्हता, इतकंच. "ज्याने ते लिहिलं," त्या म्हणाल्या, "त्याने मूल फक्त पाळण्यात पाहिलंय, तेही पाहुण्याचं." शिवाय लिहिणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर ठसठशीत होतं आणि चित्रं काढणाऱ्याचं कुठेच नव्हतं, याचा राग त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. त्यांच्या मते ज्याचं नाव नव्हतं त्याने गोष्ट सांगितली होती आणि ज्याचं होतं त्याने मध्येच तोंड घातलं होतं.

पहिलीच्या बाईंशी यावरून त्यांचं कायम वाजायचं. तुमच्याकडून येणाऱ्या मुलांना अ सुद्धा येत नाही, अशी पहिलीच्या बाईंची तक्रार, आणि ती खरीच होती. आहेर बाई म्हणायच्या, "येईल की. दुकानांवर अक्षरं, एसटीवर अक्षरं, गुळाच्या पुडीवर अक्षरं. या गावात राहून अक्षर न येऊन जाईल कुठे? चित्र बघायला मात्र त्यांना पुन्हा कोणी बसवणार नाही." तेव्हा त्यांचं कोणाला खोडून काढता आलं नाही, कारण पहिलीच्या दिवाळीपर्यंत आम्ही सगळे बसच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या ओरडून वाचत शहरभर फिरत होतो.

एकदा शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. सफारी, बगलेत फाइल, बुटांसकट सतरंजीवर. त्यांनी पहिल्या रांगेतल्या प्रकाशला उभं केलं आणि विचारलं, "बाळ, या गोष्टीपासून तू काय बोध घेतलास?" प्रकाश घाबरला. त्याने आधी आपले हात पाहिले, मग चड्डीचे खिसे उलटे करून दाखवले आणि म्हणाला, "मी नाही घेतला." आम्ही सगळ्यांनी साक्ष दिली की प्रकाशने काही घेतलेलं नाही. साहेबांचा चेहरा वांग्यासारखा झाला. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, साडेतीन वर्षांचं पोर आहे. बोध ठेवायला त्याच्याकडे जागा कुठाय? सगळी अस्वलाने भरलीय." त्या वर्षी बाईंच्या शेऱ्यात काहीतरी वाईट लिहून आलं. त्यांनी ते वाचायची तसदी घेतली नाही.

निवृत्तीनंतर बाई रोज सकाळी साडीवर पांढरे बूट घालून जॉगिंग ट्रॅकवर फिरायला जायच्या. मी कधी कधी बरोबर असे. ट्रॅकवरची निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांची ओळख त्या एकाच पद्धतीने करून द्यायच्या. पोट पुढे घेऊन धावणाऱ्या एका माजी नगरसेवकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा संजय. रोज चड्डीत करायचा आणि शेजारच्याचं नाव सांगायचा." आणि जरा थांबून, "अजून सांगतो."

एकदा तिथे एका तरुण आईने त्यांना गाठलं. तिला कोणीतरी सांगितलं होतं की या जुन्या शिक्षिका आहेत. ती कौतुकाने सांगू लागली की माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे, पूर्ण एबीसीडी येते, शंभरपर्यंत आकडे येतात, ग्रहांची नावं क्रमाने येतात. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "अरे वा," म्हणाल्या. "आणि हट्ट कशाचा करतो?" आईला प्रश्न कळेना. ती म्हणाली, हट्ट नाही करत, फार समजूतदार आहे. बाई पुढे चालायला लागल्या. "ग्रह पाठ आहेत आणि हट्ट नाही," मला म्हणाल्या. "डॉक्टरला दाखवायला पाहिजे त्याला."

हे सगळं ऐकायला मजेचं वाटतं, पण रोज शेजारी राहणाऱ्याला त्याचा त्रासही व्हायचा. नवा सोफा घेतला तर त्याच्यावर बसून "घसरतंय" म्हणायच्या. माझ्या मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या चकचकीत पुस्तकांचा ढीग पाहून त्यांनी एकेक पान उलटलं आणि विचारलं, "यातल्या सशाला मागचे पाय का नाहीत?" खरंच नव्हते. काढणाऱ्याने कंटाळून गवत काढलं होतं. तेव्हापासून मला कुठलंही चित्रपुस्तक हातात घेतलं की आधी पाय मोजावेसे वाटतात.

तर गिरीश. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा छापखाना आहे. निफाडकडची द्राक्षं ज्या खोक्यांतून परदेशी जातात ती खोकी हा छापतो आणि चांगली छापतो. खोक्यांवर पोट भरलं की माणसाला संस्कृती सुचते. त्याने जाहीर केलं की बाई ऐंशीच्या झाल्या, आपण त्यांचा सत्कार करू आणि 'अस्वल आणि बादली' पुन्हा छापू. मूळ प्रकाशन केव्हाच बंद पडलं होतं. वारसांची रीतसर परवानगीही त्याने आणली. ग्रुपवर पुन्हा महापूर.

गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि प्रत्येक बॅचचा एकेक प्रतिनिधी बोलायला. तिथेच घोळ झाला. संध्या वकील आहे, आमच्या आधीची. ती गहिवरून म्हणाली की अस्वलाने बादली चोरली आणि तरी खिडकीतल्या मुलीने कोणाला सांगितलं नाही, ही क्षमा मला बाईंनी शिकवली. संजय खालूनच ओरडला, चोरी कसली, अस्वल पाणी आणायला गेलं होतं, आमच्या वेळी सिडकोत नळाला पाणी नव्हतं, बाईंनी स्वतः सांगितलं होतं. एक दातांचे डॉक्टर उठले. त्यांचं म्हणणं, कंदील अस्वलाने फोडला म्हणून ते रॉकेल आणायला गेलं आणि ही जबाबदारीची जाणीव बाईंची देणगी. मागून कोणी म्हणालं बादलीत लाडू होते. आमच्या वर्गात तर असं ठरलं होतं की बादलीत त्या मुलीचा लहान भाऊ आहे आणि तिनेच तो देऊन टाकलाय, पण ते मी तिथे बोलले नाही.

पाच मिनिटांत सत्काराची ग्रामसभा झाली. कर्जं फेडलेली, पोरं उजवलेली माणसं एकमेकांना "तू त्या दिवशी शाळेत नव्हतास" म्हणू लागली. प्रत्येकाचं म्हणणं एकच, बाईंनी हे सांगितलं होतं. शेवटी गिरीशने माइक घेतला. म्हणाला, वाद कशाला, पुस्तक माझ्याकडे आहे. आणि त्याने शेवटच्या पानाखालचा मजकूर मोठ्याने वाचला. "अस्वल फार हट्टी होते. त्याने न विचारता बादली घेतली. शहाणी मुले न विचारता कोणाची वस्तू घेत नाहीत."

संध्या सोडून कोणालाही ते मान्य नव्हतं, आणि संध्यालाही 'हट्टी' लागलं. एक बाई रडत म्हणाल्या, म्हणजे माझं बालपण खोटं होतं का? गिरीश आहेर बाईंच्या खुर्चीपाशी गेला. "बाई, तुम्हीच सांगा. खरी गोष्ट कुठली?"

"तुले काय करनं शे?" बाई म्हणाल्या. चिडल्या की त्या घरच्या बोलीत जायच्या; तुला काय करायचंय, असं ते होतं. मग माइककडे तोंड करून, "मी कोणाला काही सांगितलेलं नाही. तुम्हीच बोंबललात, मी बरं म्हटलं. त्याचं तुम्ही काय क्षमा आणि जबाबदारी करून ठेवलंय. अस्वल आहे ते. जाऊ द्या त्याला."

लोक हसले, टाळ्या वाजल्या, पुरी-श्रीखंडाकडे रांग लागली. त्या गडबडीत बाईंनी गिरीशचा हात धरला. मी शेजारीच उभी होते. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाकडे काही मागितल्याचं मी पाहिलं नव्हतं. स्वतःच्या मुलालाही पुण्याहून ये म्हणत नसत. त्या म्हणाल्या, "छापतोस ते चांगलं करतोस. एक कर. खालचं काढून टाक. नुसती चित्रं छाप. मी असेन तोवर एकदा तसं बघू दे मला." आवाज त्यांचा नव्हताच, विनवणीचा होता. गिरीश खाली वाकला, पायांना हात लावून म्हणाला, "बाई, तुमचा शब्द."

त्यानंतर बाई बदलल्या. बदलल्या म्हणजे गोड झाल्या असं नाही, पण वाट पाहू लागल्या. गल्लीत गाडी थांबली की गॅलरीत यायच्या. मला विचारायच्या, गिरीशचा फोन होता का, रंग नीट येतोय का, पिवळा फार पिवळा करू नको म्हणावं. एका संध्याकाळी म्हणाल्या, "तुम्ही पोरं गेलात, दुसरी आली, ती गेली. माझा हात आखडायचा गं, मंजे. एकदा हात बाजूला ठेवून ते पुस्तक बघायचंय." मला भरून आलं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी चहाचे कप उचलून आत गेले.

गिरीशला मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा म्हणाला चाललंय. दुसऱ्यांदा म्हणाला, "मंजू, अगं बिनशब्दांचं पुस्तक पालक घेत नाहीत. मी सर्व्हे केला. म्हणतात, यात वाचायला काय आहे? शाळावाले म्हणतात, व्हॅल्यू एज्युकेशन कुठंय? कंटेंट लागतो." मी म्हटलं, शब्द दिलायस. म्हणाला, "बघतो काहीतरी. सरप्राइज असू दे." त्याच्या त्या सरप्राइजची मला तेव्हाच भीती वाटली होती. पण बाईंना मी काय सांगणार.

प्रकाशन त्याच हॉलमध्ये. तीच माणसं, बायकांच्या साड्या वेगळ्या. रंगीत कागदाचं वेष्टन बाईंच्या हातात दिलं. त्यांनी पिना काढून ठेवाव्यात तशा जपून चिकटपट्ट्या काढल्या. पुस्तक देखणं झालं होतं, त्यात वाद नाही. चित्रं स्वच्छ, पिवळा बेताचा. आणि प्रत्येक चित्राखाली तोच मजकूर, पूर्वीपेक्षा दुप्पट मोठ्या अक्षरांत, मागे फिकट गुलाबी पट्टा टाकून. मलपृष्ठावर बाईंचा फोटो आणि 'पिढ्या घडवणाऱ्या आहेर बाईंनी सांगितलेली संस्कारकथा'. चित्रकाराचं नाव कोणाला सापडलं नव्हतं. शोधलंही नसेल. बाईंनी एकेक पान पाहिलं, मिटलं आणि मांडीवर ठेवलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. मला गिरीशच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

त्याला कसलीच कल्पना नव्हती. अशा माणसांना नसतेच. त्याने माइकवर जाहीर केलं की आता नवी पिढी वाचन करेल, आणि आपल्या मुलीला वर बोलावलं. सान्वी, आठ वर्षांची, परकर-पोलक्यात कोंबलेली. ती सिन्नर रस्त्यावरच्या एका मोठ्या शाळेत जाते. तिथे मराठीचा तास असतो असं म्हणतात. गिरीश म्हणाला, "वाच बेटा, पहिलं पान."

सान्वीने पुस्तक तोंडासमोर धरलं. "ए... का... गा... गावात. एका गावात. ए... क. अस... अस... व..." तिथे ती अडकली. जोडाक्षर होतं. तिने पुन्हा सुरुवातीपासून घेतलं आणि पुन्हा तिथेच थांबली. पहिल्या रांगेतून "सो क्यूट" आलं. सान्वीचे कान लाल झाले. मग तिने ओळ सोडून दिली, चित्राकडे पाहिलं आणि भराभर बोलायला लागली. "हा बेअर आहे ना, तो डोअरला आलाय, तो म्हणतोय मी आत येऊ का. बट ही इज शाय." तिने पान उलटलं. "आणि ही ग्रॅनी आहे ना, ती लोन्ली आहे म्हणून ती त्याला टी देते."

हॉल टाळ्यांनी भरून गेला. गिरीशचा चेहरा उजळला, सुटका झाल्यासारखा. त्याने माइक ओढून घेतला. "बघा! ही आहे बाईंची पद्धत! अक्षरांकडे बघायचं नाही, चित्राकडे बघायचं! बाई, तुम्ही जिंकलात!" लोक उभे राहिले. संध्या डोळे पुसत होती. मलाही क्षणभर वाटलं की झालं ते बरंच झालं.

बाई उठल्या नाहीत. त्यांनी सान्वीला जवळ बोलावलं आणि विचारलं, "खालचं तुला वाचायचं नव्हतं, की येत नव्हतं?"

सान्वीने वडिलांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "येत नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. आणि माइक मागितला. "टाळ्या कशाच्या वाजवता? माझी पोरं साडेतीन वर्षांची होती. त्यांना पुढे वाचता येणारच होतं, म्हणून मी झाकत होते. ही आठ वर्षांची आहे. हिला दिसतच नाही ते. मी झाकू काय?" त्या गिरीशकडे वळल्या. "आणि तू, गिरीश, एवढं मोठं मोठं छापलंस ते कोणासाठी? तुझ्या घरात ते वाचणारं कोण आहे?"

कोणी हसलं नाही. गिरीशने "बाईंचा विनोदी स्वभाव" असं काहीतरी म्हटलं आणि आभार प्रदर्शन उरकलं. ग्रुपवर संध्याकाळी फोटो आले, सगळे हसरे. बाईंचं बोलणं कोणीच लिहिलं नाही.

रिक्षात मी म्हटलं, बाई, गिरीशने शब्द मोडला, मला फार वाईट वाटतंय. त्यांनी हात झटकला. त्यांच्या मनात गिरीश नव्हताच. त्या बाहेर बघत होत्या, दुकानांच्या पाट्यांकडे, आणि त्यातल्या निम्म्या इंग्रजीत होत्या. "दात येतात तशी अक्षरं येतात असं मी समजत होते," त्या म्हणाल्या. "पहिलीच्या बाईंना जन्मभर हसले. ती बिचारी गिरवून घ्यायची, मी मजा करायचे." आयुष्यभर दुसऱ्यांना मूर्खात काढलेल्या माणसाला स्वतःचा हिशेब चुकल्याचं कळलं तर तो कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. मला ते बघवलं नाही. गिरीशला, संध्याला, त्या सगळ्या रडणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांना बाईंनी हसत राहावं, असंच मला वाटत होतं.

पुढच्याच आठवड्यात शनिवारी दुपारी गल्लीत गिरीशची गाडी थांबली. सान्वी उतरली आणि बाईंच्या घरात गेली. गिरीश गाडीतच बसून होता, फोनमध्ये डोकं घालून. बाईंनी त्याला फोन करून काय सांगितलं असेल याची मी कल्पना करू शकते. तो कधी बोलला नाही. पण मग दर शनिवारी गाडी यायला लागली, आणि श्रावण संपता संपता बाई गेल्या त्याच्या आधीच्या शनिवारपर्यंत आली.

त्या शनिवारी मी त्यांना शेवटचं पाहिलं. शेवयांची खीर द्यायला गेले होते. जाळीचं दार लोटलेलं होतं. बाई दिवाणावर टेकून बसल्या होत्या, खूप वाळलेल्या. सान्वी शेजारी मांडी घालून, आणि दोघींच्या मध्ये तेच पुस्तक, शेवटचं पान उघडलेलं. बाईंचं बोट एकेका शब्दाखालून सरकत होतं. सान्वी वाचत होती, हळू पण सलग. "शहाणी मुले न विचारता कोणाची वस्तू घेत नाहीत." बाईंचा चेहरा कारल्याचा घास घेतल्यासारखा झाला होता.

"आजी," सान्वी म्हणाली, "हे लिहिलंय ते बोअरिंग आहे. आणि राँग पण आहे. हा कुठे चोरासारखा दिसतोय?"

"रद्दी आहे नुसती," बाई म्हणाल्या. "पण ते तुला वाचून कळलं, मी सांगून नाही. पुन्हा वाच."